टिपण लिहिणाऱ्यांची उमेदवारी

‘उमेदवार’ हा शब्द आज कानीं पडला कीं निवडणुकीला उभा राहिलेला मनुष्य डोळ्यांपुढें येतो. जुन्या कचेऱ्यांत मात्र ह्या शब्दाचा अर्थ निराळा होता. पुढेंमागें जागा मिळेल ह्या आशेनें जो तरुण अनुभवी कारकुनाच्या शेजारीं बिनपगारी बसे आणि दप्तराची रीत, हिशेब, पत्रलेखन शिके, तो उमेदवार. आणि त्याचें तें शिकणें ती उमेदवारी. मतें मागणारा आणि काम शिकणारा ह्या दोघांना आपल्या भाषेनें एकच नांव द्यावें, ही गोष्ट मोठी सूचक आहे. आजच्या भाषणांत पहिल्या उमेदवाराकडे न वळतां दुसऱ्याकडे आपलें लक्ष वेधावें असा माझा विचार आहे. लोकांनीं निवडून दिलेल्या प्रतिनिधीच्या मागें बसून जो त्याचीं टिपणें तयार करतो, आंकडे ताडून पाहतो, प्रश्नांचे आणि ठरावांचे मसुदे लिहितो, त्या साहाय्यकाचें शिक्षण आपल्याकडे कसें झालें, कोणीं केलें, आणि तें अपुरें पडल्यास काय घडतें, ह्याचा थोडा इतिहास आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

प्रतिनिधीची अडचण प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. त्याला आज मिठावरील करावर बोलावें लागतें, उद्यां रेल्वेवर, परवां प्राथमिक शिक्षणावर. हें सारें ज्ञान एका मनुष्याच्या ठायीं असणें अशक्य आहे. सरकारच्या बाजूनें जो बोलतो त्याच्या पाठीशीं सगळें सेक्रेटरिएट उभें असतें. दप्तरें त्याच्या हुकमतीखालीं असतात आणि हवा तो आंकडा काढून देणारे लोक त्याच्या हाताशीं असतात. साध्या सभासदाच्या पाठीशीं कोण असतें? ज्या दिवशीं ह्या प्रश्नाला ‘कोणी नाहीं’ असें उत्तर येतें, त्या दिवशीं सभागृहांतील वाद हा जाणता आणि अजाण ह्यांमधला वाद होतो, आणि अशा वादांत मतांची संख्या कितीही असली तरी लोकांचा पक्ष दुबळाच राहतो. हें वर्म पुण्यांतील कांहीं मंडळींनीं फार लौकर ओळखलें होतें.

पुण्याची सार्वजनिक सभा ता. २ एप्रिल १८७० रोजीं स्थापन झाली. त्या काळीं हिंदी लोकांनीं निवडून दिलेलें कायदेमंडळ देशांत कोठेंही नव्हतें. तरीसुद्धां सभेनें आपल्या सभासदत्वासाठीं एक विलक्षण अट घातली होती: किमान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र ज्याच्याजवळ असेल त्यालाच सभासद होतां येई. अशा रीतीनें सुमारें सहा हजार लोकांच्या वतीनें पंचाण्णव सभासद एकत्र जमले. प्रतिनिधि म्हणजे दुसऱ्याच्या वतीनें बोलणारा, आणि जो दुसऱ्याच्या वतीनें बोलतो त्यानें बोलण्यापूर्वीं चौकशी केली पाहिजे, ही भावना त्या मुखत्यारपत्रांतच रुजलेली होती.

सभेचे आद्य प्रवर्तक गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक ‘सार्वजनिक काका’ म्हणत, हे सभेचे हातपाय होते. १८७१ सालीं महादेव गोविंद रानडे न्यायखात्याच्या नोकरीवर पुण्यास आले आणि सभेला मेंदू मिळाला. परंतु रानडे सरकारी नोकर होते. सभेच्या व्यासपीठावर पुढारी म्हणून उभें राहणें किंवा सरकारकडे जाणाऱ्या अर्जावर सही करणें त्यांना शक्य नव्हतें. म्हणून ते मागें बसून लिहीत. महाराष्ट्रांतील आर्थिक स्थितीची सभेनें केलेली चौकशी, १८७६-७७ च्या दुष्काळांत ठिकठिकाणच्या माणसांकडून माहिती मागवून सरकारकडे पाठविलेलीं निवेदनें, १८७८ पासून निघूं लागलेल्या सभेच्या त्रैमासिकांतील अनेक निनांवी लेख, ह्या सर्वांमागें त्यांचा हात होता. सरकारला ह्याचा वास आला नाहीं असें नाहीं. १८७८ सालीं त्यांची नाशिकला व पुढें धुळ्याला बदली झाली ती ह्याच संशयाच्या वातावरणांत. म्हणजे पुण्याच्या सार्वजनिक जीवनांतील पहिला मोठा मसुदेकार हा एक न्यायाधीश होता, आणि त्याच्या हातच्या कागदांवर नांव मात्र दुसऱ्यांचें असे.

ह्या न्यायाधीशाच्या हाताखालीं एका तरुणानें जी उमेदवारी केली, तिची हकीकत मोठी बोधप्रद आहे. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांचा जन्म १८६६ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांत झाला. १८८४ सालीं बी. ए. होऊन ते पुण्यास शिक्षक झाले, आणि १८८७ च्या सुमारास रानड्यांच्या सहवासांत आले. १८९० सालीं सार्वजनिक सभेचे चिटणीस म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि त्रैमासिकाचें संपादनही त्यांच्याकडे आलें. चिटणीस हा शब्द मोठा, पण काम उमेदवाराचें होतें. सरकारचे जाडजूड अहवाल वाचावयाचे, त्यांतील आंकडे काढावयाचे, मागील वर्षांच्या आंकड्यांशीं ताडावयाचे, सारांश लिहावयाचा आणि तो रानड्यांना दाखवावयाचा. रानड्यांची दृष्टि अधू होती. दुसऱ्याकडून वाचवून घेण्याची त्यांना संवय होती. जो मोठ्यानें वाचतो त्याला वगळावगळी करतां येत नाहीं, आणि ऐकणारा रानड्यांसारखा असला म्हणजे वाचणाऱ्याला प्रत्येक वाक्याचा जाब द्यावा लागतो. मसुदा पसंत न पडल्यास पुन्हां लिहावा लागे. कॉलेजांतील शिकवणीच्या जोडीला ही दुसरी शाळा रानड्यांच्या अखेरपर्यंत, म्हणजे १९०१ पर्यंत, चालू राहिली.

ह्या उमेदवारीच्या आरंभीचा एक प्रसंग खुद्द गोखल्यांनींच पुढें सांगितलेला आहे. सभेनें मोठ्या कष्टानें तयार केलेल्या एका अर्जाला सरकारकडून एकदोन ओळींची पोंच आली. तरुण चिटणिसाला वाईट वाटलें, आणि एवढ्या मेहनतीचा उपयोग काय, असें त्यानें गुरूला विचारलें. रानड्यांच्या उत्तराचा भावार्थ असा होता कीं, अर्जावर पत्ता सरकारचा असला तरी तो खरोखर लोकांसाठीं लिहिलेला असतो; ह्या विषयांचा विचार कसा करावा हें लोकांनीं त्यांतून शिकावयाचें आहे, आणि अशा प्रकारचें राजकारण ह्या देशांत नवीन असल्यामुळें फळाची वाट बराच काळ पाहावी लागणार आहे. टिपण लिहिणाऱ्याला ह्याहून मोठा धडा कोणता असूं शकेल? आपला कागद आज कोणाला जिंकून देईल हें न पाहतां, उद्यां तो कोणीही उघडला तरी खरा उतरेल काय, हें पाहावयाचें.

आतां आपण १८९७ सालाकडे येऊं. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठीं नेमलेल्या वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्याकरितां गोखले विलायतेस गेले. त्यांच्या वयाचीं एकतीस वर्षेंही तेव्हां पुरीं झालेलीं नव्हतीं. दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बानर्जी, सुब्रह्मण्य अय्यर ह्यांच्यासारखे वडील मंडळी त्याच कामासाठीं आलेली होती. गोखल्यांच्या लेखी निवेदनामागें रानड्यांचें मार्गदर्शन होतें, आणि आणखी एका गृहस्थाची मेहनत होती. त्यांचें नांव गणेश व्यंकटेश जोशी. नांवाच्या सारखेपणामुळें कोणी त्यांना सार्वजनिक काका समजूं नये, हे निराळे. हे सरकारी शाळाखात्यांत शिक्षक होते, आणि हिंदुस्थानच्या जमाखर्चाच्या आंकड्यांत त्यांच्याइतका मुरलेला मनुष्य त्या वेळीं विरळा. रानड्यांप्रमाणें त्यांनाही नोकरीमुळें पडद्याआड राहावें लागे. एप्रिल महिन्यांत गोखल्यांची उलटतपासणी झाली. हिंदुस्थानच्या कारभारांत मुरलेल्या लोकांनीं प्रश्न विचारले, आणि पुण्याहून नेलेले आंकडे त्या माऱ्यांत टिकले.

परंतु त्याच मुक्कामांत, त्याच मनुष्याच्या हातांत दुसऱ्या प्रकारचे कागदही येऊन पडले. पुण्यांत प्लेगनें थैमान घातलें होतें. घरतपासणीसाठीं गोऱ्या शिपायांचीं पथकें फिरत होतीं, आणि लोकांत संताप भरलेला होता. पुण्याच्या स्नेह्यांकडून गोखल्यांना पत्रें गेलीं. त्यांत शिपायांनीं स्त्रियांवर अत्याचार केल्याचे गंभीर आरोप होते. पत्रें लिहिणारे विश्वासू. मजकूर मन पेटवणारा. गोखल्यांनीं ते आरोप विलायतेंतील एका वृत्तपत्रांत व पार्लमेंटच्या कांहीं सभासदांपुढें मांडले. मुंबई सरकारनें ते नाकारले आणि पुरावा मागितला. दरम्यान २२ जून रोजीं रँडवर प्राणघातक हल्ला झाला आणि वातावरण अतिशय तंग झालें. गोखले परत आले तेव्हां पत्रें लिहिणाऱ्यांपैकीं कोणी उघडपणें पुढें येऊन साक्ष देईल अशी स्थिति राहिली नव्हती. आरोप सिद्ध करण्यास हातीं कांहीं नाहीं हें पाहून त्यांनीं जाहीर क्षमा मागितली. ह्या क्षमेबद्दल स्वकीयांनीं त्यांची निर्भर्त्सना केली आणि कित्येक वर्षें तो डाग त्यांना चिकटून राहिला.

ह्या प्रकरणांत खरें काय घडलें होतें, हा आजच्या विषयाचा भाग नव्हे. प्लेगच्या दिवसांतील लोकांचें दुःख खोटें होतें असें कोणीही म्हणणार नाहीं. आपल्याला पाहावयाचें आहे तें एवढेंच: एकच वक्ता, एकच शहर, तेच चारदोन महिने. एका हातांत जोशांनीं वर्षानुवर्षें घासूनपुसून तयार केलेले आंकडे. दुसऱ्या हातांत न ताडलेलीं पत्रें. पहिल्या कागदांनीं तरुण मास्तराला देशाचा प्रतिनिधि बनविलें, दुसऱ्यांनीं त्याला मान खालीं घालावयास लावली. आणि नुकसान एकट्या गोखल्यांचें झालें नाहीं. पुरावा नसलेली तक्रार परत घ्यावी लागली, तेव्हां ज्यांच्यावर खरोखर जुलूम झाला असेल त्यांचाही आवाज तिच्याबरोबर बुडाला. टिपण कच्चें राहिल्यास त्याची किंमत अशी दुसऱ्यांना भरावी लागते. म्हणूनच टिपण लिहिणाऱ्याचें शिक्षण ही खासगी बाब राहत नाहीं.

गोखले ह्या तडाख्यांतून सावरले ते अधिक कठोर होऊन. १८९९ सालीं ते मुंबईच्या कायदेकौन्सिलांत निवडून आले आणि थोड्याच काळानें वरिष्ठ कायदेमंडळांत गेले. १८९२ च्या कायद्यानें तेथें अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा होती, मत देण्याची नव्हती. ज्याला मत देतां येत नाहीं त्याच्याजवळ आंकड्यांखेरीज दुसरें हत्यार कोणतें? ता. २६ मार्च १९०२ रोजीं त्यांनीं अंदाजपत्रकावरील आपलें पहिलें भाषण केलें. भयंकर दुष्काळ नुकताच होऊन गेला असतां सरकारच्या तिजोरींत सुमारें सात कोटी रुपयांची शिल्लक उरते, ती देशाच्या भरभराटीची खूण नसून लोकांवर गरजेपेक्षां अधिक कर बसविल्याची खूण आहे, असें त्यांनीं सरकारच्याच आंकड्यांवरून दाखवून दिलें. भाषणाची वाहवा झाली. तेव्हां गोखल्यांनीं गणेश व्यंकटेश जोशांना जें पत्र लिहिलें त्याचा आशय असा होता कीं, हें भाषण माझ्यापेक्षां तुमचेंच अधिक आहे, आणि त्याचें सगळें श्रेय मीं घ्यावें म्हणजे लोकांची फसवणूक केल्यासारखें वाटतें.

हें पत्र मला गोखल्यांच्या कित्येक भाषणांहून मोलाचें वाटतें. शिकलेल्या साहाय्यकाला काय हवें असतें? पगार हवा, पुस्तकें हवींत, हें खरें. पण आपल्या श्रमाची जाणीव ज्याच्यासाठीं आपण राबतों त्याला आहे, हा विश्वास त्याहून आधीं हवा. जाणीव असली म्हणजे ‘साहेब, हा आंकडा टिकणार नाहीं’ असें सांगण्याचें धैर्य साहाय्यकाला येतें, आणि तें ऐकून घेण्याचें धैर्य प्रतिनिधीला येतें. मिठावरील कराचा दर मणीं अडीच रुपये होता. तो १९०३ सालीं दोनवर, १९०५ सालीं दीडवर आणि १९०७ सालीं एक रुपयावर आला. ह्याचें सर्व श्रेय एका माणसाला देणें बरोबर होणार नाहीं. परंतु वर्षानुवर्षें ही मागणी आंकड्यांसह मांडली जात होती, आणि त्या आंकड्यांमागें एक शाळामास्तर रात्रीं दिवा लावून बसत होता, हें विसरून चालणार नाहीं.

रानडे गेले, जोशी वृद्धापकाळाकडे झुकले. ही विद्या एका गुरूच्या घरीं एका शिष्याला मिळाली. तिची परंपरा पुढें कशी चालावयाची? ह्या विवंचनेंतून ता. १२ जून १९०५ रोजीं पुण्यांत भारत सेवक समाजाची स्थापना झाली. गोखल्यांबरोबर गोपाळ कृष्ण देवधर, नटेश अप्पाजी द्रविड आणि अनंत विनायक पटवर्धन हे आरंभींचे सभासद होते. सभासदाला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत: देशाला मनांत पहिलें स्थान देणें, सेवेंतून स्वतःचा लाभ न साधणें, सर्व हिंदी लोकांना जातिधर्माचा भेद न मानतां बंधु समजणें, समाज जें देईल त्यांत निर्वाह करणें, आचरण शुद्ध ठेवणें, कोणाशीं वैयक्तिक भांडण न करणें आणि समाजाच्या हिताला जपणें. परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचा नियम निराळाच आहे. प्रत्येक नव्या सभासदाला पांच वर्षें उमेदवारी करावी लागे. त्यांपैकीं तीन वर्षें पुण्याच्या आश्रमवजा वास्तूंत ग्रंथालयाच्या सान्निध्यांत अभ्यासाचीं, आणि दोन वर्षें देशभर प्रवास करून लोकस्थिति डोळ्यांनीं पाहण्याचीं.

पांच वर्षें हा काळ थोडा नव्हे. बॅरिस्टर होण्यासही ह्याहून कमी काळ लागे. वैद्यकीला किंवा वकिलीला जशी तयारी लागते तशी सार्वजनिक कामालाही लागते, केवळ कळकळ पुरत नाहीं, असें गोखल्यांचें सांगणें होतें. आणि त्या काळच्या उत्साही तरुणांना तें पचणें कठीण गेलें. बंगालच्या फाळणीनें देश पेटलेला असतां, तीन वर्षें ग्रंथालयांत बसा, असें सांगणारा पुढारी कोणाला आवडणार? तरी आपला आग्रह त्यांनीं सोडला नाहीं.

ह्या आग्रहाची झळ पुढें एका फार मोठ्या माणसालाही लागली. १९१२ सालीं गोखले दक्षिण आफ्रिकेस गेले तेव्हां गांधीजी त्यांच्यासमवेत सर्वत्र हिंडले आणि चिटणिसाचें व सेवकाचें काम त्यांनीं आनंदानें केलें. जनरल बोथा व जनरल स्मट्स ह्यांच्या भेटीपूर्वीं गोखल्यांनीं त्यांच्याकडून तेथील चारही प्रांतांतील हिंदी लोकांच्या प्रश्नाचा सारांश लिहवून घेतला, आणि रात्र जागून त्यावर असे बारीक प्रश्न विचारले कीं, जन्मभर त्या प्रश्नांत बुडालेल्या गांधीजींना पुन्हां अभ्यास करावा लागला. रानड्यांच्या बैठकींत जें सोसलें तेंच गोखले आतां दुसऱ्याकडून करवून घेत होते. १९१५ च्या जानेवारींत गांधीजी स्वदेशीं परतले, तेव्हांही गोखल्यांनीं त्यांच्याकडून वचन घेतलें कीं, एक वर्षभर देश पाहावा आणि सार्वजनिक प्रश्नांवर मतें देऊं नयेत. त्याच वर्षीं १९ फेब्रुवारीला गोखल्यांचें देहावसान झालें. गांधीजींनीं वचन पाळलें.

समाजाच्या ह्या शाळेंतून जी माणसें निघालीं त्यांचीं नांवें आपणांस परिचित आहेत. श्रीनिवास शास्त्री गोखल्यांनंतर अध्यक्ष झाले. नारायण मल्हार जोशांनीं मजुरांचा प्रश्न हातीं घेतला आणि १९२१ पासून ते मध्यवर्ती कायदेमंडळांत मजुरांच्या वतीनें सरकारनियुक्त सभासद म्हणून वर्षानुवर्षें बोलत राहिले. हृदयनाथ कुंझरू, ठक्कर बाप्पा, देवधर ह्यांनीं आपापलीं क्षेत्रें गाजविलीं. शास्त्री दक्षिण आफ्रिकेंत हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधि झाले तेव्हां त्यांचे चिटणीस म्हणून समाजाचे कोदंड राव गेले. समाजाच्याच आवारांत १९३० सालीं रावबहादुर काळे यांच्या देणगींतून गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगिळांनीं तिला नांवारूपास आणलें. जोशांचा एकट्याचा दिवा तेथें संस्थेचा झाला.

तरीसुद्धां एक उणीव सांगितली पाहिजे. ही शाळा आजन्म व्रताची होती. तिच्यांत येणारे मोजके. आणि जे शिकून तयार झाले ते बहुतेक स्वतःच पुढारी झाले. साहाय्यकाचें काम ही पुढारीपणाची पहिली पायरी ठरली; तो एक स्वतंत्र, मानाचा, आयुष्यभर करण्याजोगा व्यवसाय आहे, ही कल्पना आपल्याकडे रुजली नाहीं. एखाद्या गणेश व्यंकटेशांनीं तो व्यवसाय केला तो नोकरी सांभाळून आणि नांव लपवून.

त्याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला ह्याच प्रश्नाचें दुसरें उत्तर शोधलें जात होतें, आणि तुलनेसाठीं तें पाहण्यासारखें आहे. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानाची राजधानी मॅडिसन येथें १९०१ सालीं चार्लस् मॅकार्थी ह्या गृहस्थानें कायदेमंडळाच्या सभासदांसाठीं एक संदर्भ-ग्रंथालय चालविण्यास घेतलें. इतर संस्थानांत व इतर देशांत कोणते कायदे झाले, ते कसे चालले, कोठें फसले, ह्याची कात्रणें व कागद त्यानें जमविले. कोणत्याही पक्षाचा सभासद येऊन विचारी आणि त्याला उत्तर मिळे. कायद्यांचे मसुदेही तेथें तयार होत. पण मॅकार्थीनें नियम केला होता कीं, सभासदाची सही असलेल्या लेखी सूचनेवांचून कोणताही मसुदा लिहावयाचा नाहीं, आणि मसुदा लिहिणाऱ्यानें विषयाच्या बाजूनें वा विरुद्ध आपलें मत घालावयाचें नाहीं. पगार संस्थानच्या तिजोरींतून. निष्ठा सभागृहाशीं, व्यक्तीशीं नव्हे.

विरोधकांनीं ह्या खात्याला कायद्यांचा कारखाना म्हणून हिणवलें. १९१४ सालीं एमॅन्युएल फिलिप हे गव्हर्नर निवडून आले ते हें खातें मोडून काढण्याची घोषणा करून. परंतु त्याचें काम जवळून पाहिल्यावर त्यांनीं तें राहूं दिलें. त्याच १९१४ सालीं वॉशिंग्टनला काँग्रेसच्या ग्रंथालयांत तशीच शाखा निघाली, आणि १९४६ च्या कायद्यानें तिला व सभागृहाच्या समित्यांच्या तज्ज्ञ नोकरवर्गाला पक्की जागा मिळाली. मॅडिसनला व्रत नव्हतें, नियम होता. पुण्याला नियमापेक्षां व्रत मोठें होतें. व्रतानें थोडीं पण असामान्य माणसें मिळालीं. नियमानें सामान्य माणसांकडून रोजचें काम चोख करून घेतलें. आणि लोकशाहीचा गाडा, श्रोतेहो, रोजच्या कामावर चालतो.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे ह्या दिशेनें जें झालें तें थोडक्यांत सांगतों. १ जुलै १९५६ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मुंबईंत राजकारणांत पडूं इच्छिणाऱ्या तरुणांसाठीं एक प्रशिक्षणशाळा काढली. विधिमंडळांत जाण्यापूर्वीं मनुष्यानें विषयांचा व सभाशास्त्राचा अभ्यास केला पाहिजे, ही त्यामागील दृष्टि गोखल्यांच्या दृष्टीशीं किती जुळती होती! ज्या समाजाच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या दप्तराचा दरवाजाच बंद होता, त्याच्या दृष्टीनें तर ह्या शिक्षणाचें मोल अधिकच. परंतु त्याच डिसेंबरांत बाबासाहेब गेले, आणि ती शाळा पुढच्या वर्षीं बंद पडली. १९७६ सालीं संसदेनें अभ्यास व प्रशिक्षणासाठीं स्वतःची शाखा स्थापन केली. २०१० सालीं दिल्लींतील एका संशोधनसंस्थेनें पदवीधर तरुणांना निवडून एकेका खासदाराबरोबर वर्षभर काम करण्यास पाठविण्याची योजना सुरू केली. प्रश्न तयार करणें, विधेयकांचा अभ्यास करणें, भाषणासाठीं टिपण लिहिणें हीं कामें हे तरुण करूं लागले. म्हणजे जुन्या अर्थाची उमेदवारी पुन्हां आली म्हणावयाची.

तरीही ग्रामपंचायतीपासून विधानसभेपर्यंत पाहिलें तर बहुतेक प्रतिनिधींच्या भोंवतीं कार्यकर्ते असतात, नातलग असतात, गाड्यांची व भेटींची व्यवस्था पाहणारे असतात. अंदाजपत्रक उघडून बसणारा मनुष्य क्वचित् दिसतो. तो मिळत नाहीं ह्याचें कारण बुद्धीचा दुष्काळ हें नव्हे. त्या कामाला शाळा नाहीं, वेतनाची शाश्वति नाहीं आणि नांव नाहीं. ज्या कामाला ह्या तिन्हींपैकीं एकही नाहीं, त्याकडे हुशार मुलगा किंवा मुलगी वळावी तरी कशी? आपल्या घरांतील एखादा पदवीधर ‘मी एका आमदाराकडे टिपणें लिहिण्याचें काम करतों’ असें म्हणाला, तर आपण त्याला, ‘बरें, पण नोकरी कधीं शोधणार?’ असेंच विचारूं. दोष केवळ पुढाऱ्यांचा नाहीं, तो आपल्या ह्या प्रश्नांतही आहे.

मत मागावयास येणाऱ्या उमेदवाराला आपण रस्त्याविषयीं विचारतों, पाण्याविषयीं विचारतों, आणि तें योग्यच आहे. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावयास हरकत नाहीं: निवडून आल्यावर आपले कागद कोण वाचणार आहे, आणि त्यानें तें काम कोठें शिकलें आहे? त्या शाळामास्तराचें नांव अंदाजपत्रकाच्या कोणत्याही भाषणावर छापलेलें नाहीं. पण मत देण्याचा अधिकार नसलेल्या एका सभासदाला सरकारनें लक्ष देऊन ऐकावें, एवढें बळ त्याच्या टिपणांत होतें. आज तर आपल्या प्रतिनिधींना मताचाही अधिकार आहे. त्याच्या जोडीला तसें टिपण त्यांच्या हातीं असावें, आणि तें लिहिणाऱ्याला आपली उमेदवारी मानानें करतां यावी, इतकी व्यवस्था आपल्या पिढीनें करावयास हवी.